इडलीपात्रातले स्क्रू

ऐंशीच्या दशकात मेलबर्नला आलेल्या आम्हां मराठी कुटुंबांच्या सामानात कुकर, पोळपाट-लाटणं आणि कॅमेरा हमखास असायचा. कुणाकडे बडोद्यात तयार झालेला आगफा क्लिक थ्री, कुणाकडे आखातातल्या भावाने दिलेला यशिका इलेक्ट्रो ३५. गावाकडच्या आजीला नातवाचं तोंड दिसायचं ते त्यांच्यामुळेच. एरोग्रॅममध्ये काही घालून पाठवायला बंदी, म्हणून फोटोंचं पाकीट वेगळं. ३६ फोटोंच्या एका रोलमध्ये गणपती, दिवाळी आणि एखादा वाढदिवस भागवायचा.

कॅमेरा बिघडला की दुकानातली मजुरी ऐकूनच माणूस परत फिरे. मग शनिवारी कुणाच्या तरी डायनिंग टेबलावर जुनी सुती साडी अंथरली जाई. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने इडलीपात्राच्या वाट्यांत ठेवायचे, ही आमच्या हिची युक्ती. पुढे ती घरोघरी गेली.

यशिकाची दुखणी ठरलेली. लीव्हर ओढताना आतून ‘ठक्’ असा आवाज आला की जीव भांड्यात पडे. नाही आला तर आतला रबराचा इवलासा तुकडा झिजून गेला समजायचं. मागच्या झाकणाभोवती उजेड अडवणाऱ्या फोमच्या पट्ट्या काळाने विरघळून डांबरासारख्या चिकट होत. टूथपिकला कापूस गुंडाळायचा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवायचा आणि खाच तळापासून खरवडायची. घाई केली की काळा राप शटरवर जाई. स्वच्छ खाचेत स्वेटरची काळी लोकर बसवली की काम झालं. पुढे मर्क्युरीच्या बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा ५.६ व्होल्टच्या जागी ६ व्होल्टची बारकी बॅटरी कागदाच्या नळीत घालून, वर स्प्रिंग देऊन बसवली. मीटर बिनतक्रार चालला.

मुंबईच्या पावसाळ्यांनी लेन्सवर धरलेली बुरशी मात्र पुसून सगळीच जात नसे. तिने कोटिंग खाल्लं असेल तर ते गेलंच. त्या लेन्सचे उन्हाकडे तोंड करून काढलेले फोटो किंचित धूसर येतात. मला ते आजही प्रिय आहेत, कारण त्यांत दोन्ही देशांची हवा आहे.

मेलबर्नमधल्या कोबर्गला कोडॅकचा अवाढव्य कारखाना होता. २००४ मध्ये तो बंद झाला, त्या जागी आता घरं उभी आहेत. बातमी आली त्या दिवशी आमच्यातल्या प्रत्येकाने कुणाला ना कुणाला फोन केला होता.

आता नातवंडं ते कॅमेरे मागायला लागली आहेत, याचा फार आनंद होतो. त्यांना दोनच गोष्टी बजावून सांगतो. शटरच्या पात्यांना शिलाई मशीनचं तेल चुकूनही लावू नका, पाती चिकटून बसतात. आणि जपानी स्क्रूला साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर लावू नका, त्याची खाच वेगळी असते. डोकं झिजलं की तो स्क्रू सहजी निघत नाही.