धोबीपछाड आणि कॅमेरा

वसईजवळच्या कामण-नायगाव पट्ट्यात आता मालिकांचे सेट उभे आहेत. तिथे मारामारीच्या शॉटला आलेल्या फायटरांत तालमीतला पोरगा पटकन ओळखू येतो. पडताना तो हात टेकत नाही. हनुवटी छातीला, पाठ गोल आणि जमीन लागते त्याच क्षणी सबंध हाताची थाप. मनगट वाचतं, डोकं वाचतं, पुढच्या टेकला गडी पुन्हा उभा.

आखाड्यातून पडद्यावर गेलेल्यांत दारासिंग सर्वांत मोठे. 1928 साली अमृतसरजवळच्या धरमूचक गावात त्यांचा जन्म झाला. 1947 मध्ये ते सिंगापूरला गेले आणि तिथे हरनामसिंगांकडे फ्रीस्टाइल शिकले. फ्रीस्टाइल चालायची तिकिटावर. किंग काँगसारखा महाकाय मल्ल नुसता हरवून भागत नसे. तो कसा उचलला, कसा आपटला, हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसावं लागे. सिनेमाची निम्मी तयारी तिथेच झाली. 29 मे 1968 रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकी मल्ल ल्यू थेझला हरवलं, तेव्हा पडद्यावरचे नायक होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती.

1952 च्या ‘संगदिल’मध्ये ते दिसले होते, पण नायक म्हणून नाव झालं ते दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्रींच्या ‘किंग काँग’पासून, 1962 मध्ये. पुढच्याच वर्षी ‘फौलाद’ आला, मुमताजबरोबर जोडी जमली. खर्च बेताचा, कथा साधी, संवादफेक कच्ची. तरीही हे साहसपट पाहावेत ते अंगमेहनतीसाठी.

तालमीत ‘पट’ हा डाव मोलाचा. झपकन खाली बसून पाय ओढला की काम फत्ते! कॅमेऱ्याला मात्र तो धड दिसतही नाही. धोबीपछाड दिसते, कलाजंग दिसतो, कारण माणूस हवेत जातो. आणि हवेत जाणाऱ्याने नेमक्या क्षणी स्वतः उडी घेतली, तरच तो सहज गेल्यासारखा वाटतो. फेकणाऱ्याने त्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत दंड सोडायचा नाही; सोडला तर गडी मानेवर येतो. कुस्तीत समोरच्याची पाठ लावायची असते, सेटवर ती सांभाळायची असते. पैलवानाला हे शिकायला सर्वांत जड जातं. आपल्या ताकदीचं माप ठाऊक असलेलाच ती आवरू शकतो.

मराठी मुलखालाही पडद्यावरच्या साहसाची परंपरा नवी नाही. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल मूकपटांत तलवारबाजी आणि साहसाचे नायक होते. 1931 च्या ‘आलम आरा’चे नायकही तेच.

कामणहून महामार्गाने उत्तरेला गेलं की पालघर जिल्हा संपताच उंबरगाव येतं. ‘रामायण’ मालिकेचं चित्रीकरण तिथे झालं. 1987 मध्ये ती सुरू झाली तेव्हा दारासिंग अठ्ठावन्न वर्षांचे होते. हनुमानाच्या मुखवट्यामुळे चेहरा जवळपास झाकलेला. उरले डोळे, खांदे आणि उभं राहण्याची ढब. एवढ्यावर त्यांनी घराघरांतला हनुमान उभा केला. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतलं हेच काम सर्वांत उजवं.

सेटवर पाठ सांभाळायची असते, म्हणूनच तालमींच्या वस्तादांना एक विनंती. पोरगा सेटवर जायला निघाला की त्याला डावांबरोबर पडणंही घोटून द्या, आणि खाली गादी नसेल तर शॉटला नाही म्हणायलाही शिकवा.