उभा कंस

वंशावळ टाइप करताना माझं खरं लक्ष महिरपी कंसावर असतं. नावांचे ऱ्हस्व-दीर्घ शाळेच्या दाखल्यावरून तपासता येतात. पण कोण कुणाचं, हे कागदावर तो कंसच सांगतो.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधणं सुरू झालं आणि आमच्या बीड जिल्ह्यात वंशावळींचं काम एकदम वाढलं. खापरपणजोबाच्या नावावर सापडलेली नोंद कुणबी प्रमाणपत्राच्या आजच्या अर्जदारापर्यंत आणायची, तर मधल्या प्रत्येक पिढीतल्या भावांना एका कंसात बांधावं लागतं.

टाइपरायटरवर हे काम प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक साधा कंस मारून व्हायचं. मुंबई उच्च न्यायालयातल्या अर्जांवर पक्षकारांच्या नावांशेजारी तशी कंसांची उभी रांग अजूनही दिसते. रूप साधं, पण ओळ वाढली की कंसही वाढतो. ही त्या पद्धतीची खुबी मला फार मोलाची वाटते.

वर्डमध्ये 'इन्सर्ट', मग 'शेप्स', आणि तिथला महिरपी कंस. काही जण कीबोर्डवरचाच कंस टाइप करून त्याचा फॉन्ट ७२ करतात. तो उंचीबरोबर जाड आणि रुंदही होतो, कागद विद्रूप दिसतो. शेप ओढला की त्यावर दोन पिवळे ठिपके येतात. एकाने वळण कमी-जास्त होतं, दुसऱ्याने मधलं टोक वर-खाली सरकतं. हे टोक नेमकं बापाच्या नावावर रोखलेलं हवं. कंसाचं वरचं टोक पहिल्या नावाच्या वेलांटीपर्यंत, खालचं शेवटच्या नावाच्या उकाराखाली. समीकरणातला कंस आपोआप ताणला जातो खरा, पण आपली जोडाक्षरं त्या गणिती चौकटीत धड बसत नाहीत.

शेपचा दोष एकच, पण मोठा: त्याला नावांची खबर नसते. वारस नोंदीचा अर्ज घेऊन माणसं येतात, तीन भावांची नावं सांगतात. मी विचारतो, "बहिणी किती?" मग थोडं थांबून दोन नावं येतात. एक सासरी पाटोद्याला, दुसरी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला, कोयत्यावर जाणारी, म्हणजे तिची सही त्याआधीच घ्यायला हवी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी बापाची वारस आहेच. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीतही तिला जन्मापासून मुलाइतका हक्क दिला. नावं खाली वाढतात आणि शेपचा कंस तिसऱ्या भावापाशीच थांबलेला असतो. बहिणी कागदावर असूनही कंसाबाहेर! हे मला चालत नाही.

म्हणून मी आधी टेबल घालतो. एका रकान्यात ओळीला एक नाव, मधल्या रकान्यातले सगळे खण 'मर्ज' करून त्यात कंस, तिसऱ्यात बाप. शेवटी रेघा घालवायच्या. नाव वाढवायचं तर मधे एक ओळ टाकायची. खण वाढतो, कंस मात्र हातानेच ओढावा लागतो. पण कुठवर ओढायचा ते खणाची कड दाखवते. कंसाला 'इन लाइन' ठेवलं की मजकूर सरकला तरी तो आपली जागा सोडत नाही.

दुसऱ्या दुकानातल्या जुन्या वर्डमध्ये फाइल उघडली की मांडणी बिघडू शकते, म्हणून छपाईसाठी पीडीएफ देतो. वर्डची फाइलही सोबत देतोच, कारण एखादी आत्या राहिली असल्याचं पुष्कळदा घरी गेल्यावर आठवतं.