घट्ट करणारा आणि बघणारा

स्प्लेंडर दुसऱ्या गिअरमधून सुटायला लागली की नागपूरच्या खापरीतला मिस्त्री फार विचार करत नाही. गाडीवर बसून एक चक्कर मारतो, उतरतो आणि सांगतो, "भाऊ, फुल इंजिन करा लागते." हाफ इंजिन म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन. ते काम इंजिन फ्रेममध्ये असतानाच होतं. फुल इंजिनात सगळं खाली उतरतं आणि चेंबरचे दोन भाग वेगळे होतात. गाडीवाल्याला हे पटत नाही. तक्रार गिअरची आहे, मग पिस्टनला हात कशाला लावायचा?

त्याचं उत्तर इंजिनाच्या रचनेत आहे. जुन्या बुलेटला अल्बियनचा चार गिअरचा बॉक्स इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी जोडलेला असायचा. त्याची झाकणं उघडली की गिअर हाताशी येत आणि इंजिन जागेवरच राही. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरमध्ये असा वेगळा बॉक्सच नाही. तिच्या ९७.२ सीसीच्या होंडा इंजिनात क्रँक आणि गिअर एकाच चेंबरमध्ये, एकाच तेलात फिरतात. चेंबर उभा आणि मधोमध दोन भागांत जोडलेला असतो, आणि ब्लॉक त्या दोन्ही भागांवर बसलेला असतो. तेव्हा आधी हेड, मग ब्लॉक, पिस्टन, डावीकडचं मॅग्नेट, उजवीकडचा क्लच हे सगळं निघाल्याशिवाय गिअरचं दर्शन होत नाही. ही रचना मला आवडते. कमी वजन, कमी सांधे, कमी गळती. कोट्यवधी घरं या इंजिनावर कामाला गेली आणि परत आली. फक्त आजार आत झाला की पोट पूर्ण उघडावं लागतं, एवढंच.

मी मिहानमध्ये विमानांच्या हँगरमध्ये काम करतो. एअर इंडियाने २००६ साली बोइंगकडून ६८ विमानं घ्यायचं ठरवलं. त्याच व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगने नागपुरात देखभाल केंद्र उभारून द्यायचं होतं, आणि २०१५ साली ते मिहानमध्ये सुरू झालं. तेव्हापासून या भागातल्या पोरांना विमान म्हणजे फक्त डोक्यावरून जाणारा आवाज राहिला नाही. ७७७-३००ईआरच्या पंखाखालचं जीई-९० इंजिन साडेआठ टनांहून जड, आणि त्याचा पुढचा फॅन सव्वातीन मीटर व्यासाचा. ते पायलॉनवरून खाली घ्यायचं तर होइस्ट, स्टँड, माणसांची टोळी आणि पानोपानी सह्यांची कागदपत्रं लागतात. घरच्या पोर्चमध्ये स्प्लेंडरचं इंजिन उतरवायला पान्यांचा एक डबा आणि स्कूटरचा एक जुना टायर पुरतो. पण हँगरमधला एक नियम मी घरी आणला आहे आणि तो कोणत्याही महागड्या हत्यारापेक्षा मोलाचा आहे असं माझं ठाम मत आहे: ज्याने घट्ट केलं त्याने तपासायचं नाही.

विमानाच्या नियंत्रणाशी संबंधित कामांत ही दुहेरी तपासणी सक्तीची असते. एक जण जोडतो, दुसरा स्वतंत्रपणे बघतो आणि दोघांच्या वेगळ्या सह्या होतात. दोन इंजिनांची विमानं लांब समुद्रावरून जातात, तिथे आणखी एक पथ्य आहे. दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच माणसाने करायचं नाही, कारण हात तोच असेल तर चूकही तीच होते आणि दोन्हीकडे होते.

एकच चूक सगळ्या इंजिनांवर झाली की काय होतं, ते ५ मे १९८३ रोजी अमेरिकेत दिसलं. ईस्टर्न एअरलाइन्सचं ट्रायस्टार विमान १७२ जणांना घेऊन मायामीहून नासाऊला निघालं. तीन इंजिनं. प्रत्येकाच्या तेलमार्गात एक चुंबकी प्लग असतो. तेलात लोखंडाचा कीस आला तर तो त्याला चिकटतो आणि आतली झीज आधीच कळते. हे प्लग आदल्या रात्री तपासून परत बसवले होते, पण तिन्ही ठिकाणी त्यांच्या रबरी रिंगा बसल्याच नव्हत्या. तेल गळत गेलं. एक इंजिन वैमानिकांनी बंद केलं आणि विमान परत वळवलं. मग उरलेली दोन्ही बंद पडली. शेवटी आधी बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू झालं आणि विमान मायामीत उतरलं. सगळे वाचले. झीज ओळखण्यासाठी केलेल्या तपासणीनेच इंजिनं मारली, कारण तपासणाऱ्याचं काम तपासायला कोणी नव्हतं.

१९९० साली ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची पुढची काच हवेत निघून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि ते वाचले. ती काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट ०.६६ मिलिमीटरने बारीक वापरले गेले होते. जुन्या बोल्टाशेजारी नवा धरून नजरेने जुळवलेले. रात्रपाळी होती, बसवणारा अनुभवी होता, आणि त्या कामाला दुसऱ्या तपासणीची सक्ती नव्हती. मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्याचा अनुभव. नवखा माणूस कॅटलॉग उघडून बघतो. अनुभवी माणसाला वाटतं, की आपली नजर पुरेशी आहे.

घरी माझी तपासनीस म्हणजे माझी मुलगी. नववीत आहे. तिला गिअर कळत नाहीत आणि मला नेमकं तेच हवं असतं. जाणकार माणूस चित्र बघायच्या आधीच काय दिसणार ते ठरवून बसतो. ती मॅन्युअलमधलं चित्र आणि समोरची वस्तू, दोन्ही सारख्याच कुतूहलाने बघते.

उतरवण्याचा क्रम आम्ही वहीत लिहितो. तेल गरम असताना काढायचं म्हणजे गाळ त्याच्यासोबत येतो. पेट्रोलचा कॉक बंद, कार्ब्युरेटर बाजूला, सायलेन्सर, प्लगची टोपी, क्लचची केबल, गिअरचा लिव्हर, डावं झाकण, मग पुढचं स्प्रॉकेट. स्प्रॉकेटचे बोल्ट चेन जागेवर असतानाच, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबायला सांगून सैल करावे. चेन काढल्यावर ते चाक नुसतं फिरत राहतं आणि माणूस घामाघूम होतो. मग मॅग्नेटच्या वायरी सोडवायच्या, पायदानाचा दांडा खालून काढायचा आणि शेवटी इंजिन फ्रेमला धरणारे हँगर बोल्ट. शेवटचा बोल्ट ओढण्याआधी दुसऱ्याने इंजिन धरलेलं असलं पाहिजे. अडलेला बोल्ट ठोकायचा नाही. इंजिन किंचित वर उचललं की भार जातो आणि तो बोटाने निघतो.

प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकाच्या जागी पुठ्ठ्यावर खोचून ठेवायचा. चेंबरचे बोल्ट दिसायला सारखे, पण लांबीने वेगळे असतात. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात, आणि आखूड बोल्ट खोल भोकात दोन-तीन आट्यांवरच लटकतो. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार पेन्सिलीने काढायचं काम मुलीचं. मोबाइलवर फोटोही काढते ती, पण फोटोत बोल्टाची लांबी दिसत नाही.

उजवं झाकण निघालं की क्रँकच्या टोकाला तेल गाळणारी छोटी वाटी दिसते. तेल तिच्यात गरगर फिरतं आणि जड गाळ कडेला चिकटतो. तो काळा, दाट लेप बोटाने काढून पांढऱ्या कापडावर पसरवावा. उन्हात धरला की त्यातली चमक मोजता येईल इतकी स्पष्ट दिसते. या वाटीची आणि क्लचची नट खाचांची असते, तिला खास गोटी पाना मिळतो. कित्येक जण छिन्नी लावून ठोकतात आणि खाचा मोडतात. तो पाना फार महाग नाही. ज्याला घरी फुल इंजिन करायचं आहे त्याने तो आणि मॅग्नेट पुलर हे दोन घेतल्याशिवाय सुरुवात करू नये.

चेंबर उघडताना पॅकिंगच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. तिथे पडलेला ओरखडा म्हणजे कायमची गळती. रबरी हातोडीने चारी बाजूंनी हळूहळू टकटक करत राहायचं. कंटाळा येतो. मग एका क्षणी केसभर रेषा दिसते आणि अर्धा चेंबर हातात येतो. आत दोन शाफ्ट, त्यांवर एकमेकांत अडकलेले गिअरच्या चाकांचे चार जोड.

हे चारही जोड सदैव एकमेकांत गुंतूनच फिरतात. गिअर टाकताना दाते बदलत नाहीत. एक चाक शाफ्टवर सरकतं आणि त्याच्या अंगावरचे जाड खुंट शेजारच्या चाकाच्या खोबणीत शिरतात. त्या खुंटांच्या भिंती सरळ नसून किंचित आत झुकलेल्या असतात, त्यामुळे जोर आला की दोन्ही चाकं एकमेकांना ओढून धरतात. आमच्या गाडीच्या दुसऱ्या गिअरचे खुंट चघळलेल्या लिमलेटच्या गोळीसारखे झाले होते. कोपरे गेले, झुकाव गेला. आता जोर आला की ते एकमेकांना ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलायचे, आणि वर्धा रोडवर ट्रकच्या मागून वेग घेताना गाडी कट्‍ आवाज करून न्यूट्रल व्हायची.

मिस्त्री इथे चाकांचा जोड बदलून चेंबर बंद करतात आणि काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते. खुंट झिजतात त्याला बऱ्याचदा फोर्क जबाबदार असतो. चाक सरकवणारा हा आकडा पातळ झाला की चाक पूर्ण आत जातच नाही, टोकावर अडकून चालतं आणि टोकं घासत राहतात. व्हर्नियरने फोर्कच्या बोटांची जाडी मोजली तर हे लगेच कळतं. आणि फोर्क झिजतो तो पायामुळे. गाडी चालवताना पाय गिअरच्या लिव्हरवर ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. पाय टेकलेला असला की फोर्क फिरत्या चाकावर अखंड दाबलेला राहतो. मेट्रो खापरीपर्यंत आली तरी मिहानच्या गेटांवर सकाळी दुचाक्यांची रांग कायम असते. तिथे उभं राहून पाय बघा, निम्मे लिव्हरवर सापडतील. म्हणून चाकांचा जोड आणि फोर्क एकदमच बदलायचे, फोर्क सरकवणाऱ्या ड्रमच्या खाचा बोट फिरवून बघायच्या, बेअरिंग हाताने फिरवून ऐकायचे. क्रँकचा कनेक्टिंग रॉड सैल असेल तर तो घरी करायचा नाही. ते काम लेथवाल्याच्या प्रेसचं आहे.

बांधणी सुरू झाली की वही मुलीच्या हातात जाते. मी बसवतो आणि हात बाजूला घेतो. ती बघते, वाचते, मग खूण करते. मधल्या एका शाफ्टवर तिने मला थांबवलं. "बाबा, चित्रात तर वायसर आधी आहे ना, लॉक नंतर." वायसर आधीच होता, जाड चाकाआड झाकलेला. मी चाक सरकवून दाखवला, तिने खूण केली आणि आम्ही पुढे गेलो. दुसऱ्या नजरेला बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. म्हणून लोक ती सोडून देतात. पण काही न सापडणं हाही तपासणीचा निकालच आहे, आणि तो लिहून ठेवण्यासारखा आहे.

लॉकचंही, म्हणजे सर्क्लिपचंही, बघायचं असतं. सर्क्लिप पत्र्यातून ठोकून काढलेली असते, म्हणून तिची एक कड गोलसर आणि दुसरी धारदार असते. धारदार कड भाराच्या विरुद्ध दिशेला ठेवायची, म्हणजे भार आल्यावर ती खाचेत घट्ट रुतते. उलटी बसवली तर निसटू शकते. काढलेली सर्क्लिप परत वापरायची नाही, नवी काही रुपयांना मिळते. मुलगी नखाने दोन्ही कडा चाचपते आणि मगच हो म्हणते. डोळ्यांनी हा फरक दिसत नाही, नखाला कळतो.

चेंबर बंद झाल्यावर, हेड बसवायच्या आधी, स्प्रॉकेटचा शाफ्ट हाताने फिरवत ड्रम एकेक खाच पुढे न्यायचा. चारही गिअर लागले, न्यूट्रल मिळाला, की मगच पुढे. मग टायमिंग. मॅग्नेटवरची टी खूण चेंबरवरच्या खाचेशी आणि कॅमच्या चाकावरची खूण हेडवरच्या खुणेशी एकाच वेळी जुळली पाहिजे. इथे मी मुद्दाम काही बोलत नाही. खुणा जुळल्यात का ते तिने सांगायचं. मग किक न मारता इंजिन हाताने काही फेरे फिरवायचं. कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं.

सहा मिलिमीटरच्या बोल्टांना दहा ते बारा न्यूटन मीटर पुरतात. हाताला हे फारच कमी वाटतं. टॉर्क पाना कट्‍ म्हणून थांबतो तेव्हा मन म्हणतं अजून थोडं. ते ऐकायचं नाही, अ‍ॅल्युमिनियमला ते थोडं झेपत नाही. तेलाच्या बोल्टाचा वायसर नवा टाकायचा, आणि तो बोल्ट नेहमी दोघांनी बघायचा. त्या ट्रायस्टारची गोष्ट मी तिला याच बोल्टापाशी सांगितली होती.

सुरुवातीचं तेल लवकर बदलायचं, साधारण पाचशे किलोमीटरच्या आत. चुंबकाचा तुकडा निघालेल्या तेलात फिरवून कीस बघायचा. नव्या चाकांचा थोडा बारीक कीस येतोच, कण येता कामा नयेत. आणि पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झालं की हँगर बोल्ट एकदा परत बघायचे. त्यासाठी टॉर्क पाना तिच्याकडे असतो. ते बोल्ट मी घट्ट केलेले असतात, म्हणून मी फक्त बॅटरी धरतो आणि ती सांगेल तो आकडा वहीत लिहितो.