गॅस की विजेची शेगडी?

मैत्रिणींनो, ओट्यासमोर आपलं निम्मं आयुष्य जातं, पण त्या ओट्यावर शेगडी कोणती असावी हे बहुतेक घरांत आपल्याला न विचारताच ठरतं. कुणाची माहेरून येते, कुणाची दिवाळीच्या सवलतीत यजमान उचलून आणतात. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एकजण म्हणते, "सिलिंडर परवडत नाही बाई, इंडक्शनच बरं." दुसरी म्हणते, "आधी विजेचं बिल येऊ दे, मग बोल!" मी अर्धवेळ मराठी शिकवते, गणिताशी माझं सख्य कधीच नव्हतं. तरी एका रविवारी वही घेऊन बसले. तो हिशेब आधी सांगते, कारण तो कुठल्याही घरी करता येतो. आमच्या घरचा निर्णय मात्र वेगळ्याच कारणानं झाला, तेही सांगणार आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातली उष्णता विजेच्या भाषेत मांडली तर साधारण १८० युनिट होते. पण ती सगळी भांड्याला थोडीच मिळते? आय.एस.आय. शिक्क्याच्या शेगडीत शंभरातले निदान ६८ भाग भांड्याला मिळायला हवेत असा दंडक आहे. बाकीची उष्णता भांड्याच्या कडेनं वर जाते आणि मे महिन्यात आपल्याच कपाळावर घाम आणते. इंडक्शनमध्ये भांड्याचं बूडच तापतं, त्यामुळे शंभरातले सुमारे ८५ भाग कामी येतात. हे सगळं वजा-भागाकार करून उत्तर असं, की एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर अंदाजे १४५ युनिट वीज लागेल.

आता आपलं वीजबिल काढा. त्यात वीज आकार आणि वहन आकार असे दोन वेगळे रकाने असतात. दोन्हींचा प्रत्येक युनिटचा दर एकत्र करायचा, त्यावर वीज शुल्क धरायचं आणि १४५ ने गुणायचं. जो आकडा येईल तो सिलिंडरच्या किमतीशेजारी लिहून ठेवा. युनिट आठ रुपयांना पडत असेल तर ११६० रुपये, सहाला पडत असेल तर ८७०. एक मेख इथे आहे, बरं का! आपल्याकडे पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, त्यापुढे तीनशेपर्यंतचा जास्त आणि त्याहून पुढे आणखी जास्त असतो. म्हणून हिशेब पहिल्या युनिटच्या दरानं करायचा नाही. स्वयंपाकाची वीज वरच्या पायरीवर जाऊन बसते, तिथला दर धरायचा. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात कूलर आणि हिवाळ्यात गीझर चालतो, त्यांना हे उत्तर फारसं आवडणार नाही. आमचं तरी गॅसच्याच बाजूनं आलं. सगळा स्वयंपाक विजेवर नेण्यात पैशाचा फायदा आम्हाला नव्हता. आमचे हे म्हणाले, "झालं तर मग, विषय संपला."

विषय संपला नव्हता, कारण आईंचा चहा शिल्लक होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. १९७४ साली त्या लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा वातीचा स्टोव्ह होता. रॉकेलची रांग, काजळलेली पातेली, वाती खालीवर करता करता काळी झालेली बोटं. गॅससाठी नंबर लावला होता, तो आला १९८२ साली. त्या दिवशी त्यांनी शेगडीला हळदकुंकू वाहून शिरा केला होता, हे त्या आजही सांगतात. म्हणजे गॅस ही त्यांनी वाट पाहून मिळवलेली गोष्ट आहे. दुपारी तीनला उठायचं, आपल्या हातानं आलं किसून चहा टाकायचा आणि तो अंगणात बसून प्यायचा, हा त्यांचा नेम. त्या वेळी मी शाळेत असते, मुलगा त्याच्या शाळेत, हे ऑफिसात.

गेल्या श्रावणात मी साडेतीनला घरी आले आणि दारातच वास आला. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि गॅस तसाच सुरू होता. आई शेजारच्या खोलीत पोथी वाचत होत्या. त्यांना वास आलाच नव्हता! वयानुसार नाक मंदावतं, हे तेव्हा लक्षात आलं. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो उग्र वास मुद्दाम मिसळतात. पण घेणारं नाकच थकलं तर तो काय करणार? मी बटण आणि रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, पंख्याला किंवा दिव्याला हात लावला नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचून राहतो; विजेच्या बटणातली बारीकशी ठिणगीही त्याला पुरते. (अशा वेळेसाठी १९०६ हा क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या, लहानांनासुद्धा. आणि सिलिंडरची नळी पाच वर्षांनी बदलायची असते, ती कधी बदलली हे एकदा आठवून पाहा.)

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. तिचं म्हणणं असं, की तू बाहेर पडताना रेग्युलेटर बंद करून जात जा आणि आईंचा चहा थर्मासमध्ये भरून ठेव. तिचं काळजीचंच बोलणं होतं. ह्यांनाही पटलं. आई मात्र इतका वेळ गप्प होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आता माझ्याच घरात मी थर्मासातला चहा प्यायचा?"

त्यावर कुणी काही बोललं नाही. मला रात्री झोप लागली नाही. बाईच्या हातून चूल काढून घेणं म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको.

ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी शेगडी मिळते. काही हॉबमध्ये ती सोय असते, नवी घेणाऱ्यांनी दुकानदाराला मुद्दाम विचारावं. पण रिकामं पातेलं जाळावर राहिलं तर ती काय करणार? इंडक्शनवर भांडं उचललं की ताप थांबतो, वेळ लावून ठेवता येते, आणि मुळात उघडा जाळच नसतो. पदर, रुमाल पेटायची भीती नाही. म्हणून दुपारपुरतं इंडक्शन आणि बाकीचा स्वयंपाक गॅसवर, असं मी ठरवलं. पैशाच्या हिशेबात चार चहा नि थोडं दूध तापवणं म्हणजे किरकोळच.

मग भांड्यांची परीक्षा. फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक घेतलं आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावत गेले. जिथे ते घट्ट चिकटेल तेच भांडं चालतं. आईंचं चाळीस वर्षांचं अ‍ॅल्युमिनियमचं चहाचं पातेलं नापास. पितळी, तांबं नापास. रोजच्या स्टीलमधलीही निम्मी नापास. चकाकी सारखीच, पण चुंबक धरत नाही. लोखंडी तवा पास, लोखंडी कढई पास होऊनही बाद, कारण बूड गोल! सपाट बुडाचं नवं पातेलं आणावं लागलं. सगळी जुनीच भांडी वापरायची असतील त्यांनी लाल होणारी, इन्फ्रारेड प्रकारची शेगडी पाहावी. सपाट बुडाचं कुठलंही भांडं तिला चालतं. पण ती बंद केल्यावरही बराच वेळ कडक तापलेली असते, म्हणून वयस्कर माणसासाठी मी ती घेतली नाही.

वायरमनला बोलावणं हा खर्च वाचवू नका. दोन हजार वॉटची शेगडी नऊ अ‍ॅम्पियरच्या आसपास वीज ओढते. दिव्याच्या छोट्या प्लगला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला ती लावायची नाही, मोठा सोळा अ‍ॅम्पियरचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवं. घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शिकवायला आठ दिवस लागले. "जाळ दिसत नाही, तर तापलंय हे कळायचं कसं?" हा आईंचा पहिला प्रश्न, आणि तो अगदी रास्त होता. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या ज्योत पाहून मंद-मोठं ठरवत आल्या. सपाट काचेवरची बटणं त्यांना दिसत नव्हती, म्हणून चालू-बंदच्या बटणावर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. बाकीच्या बटणांकडे पाहायचंच नाही. नातवानं पहारा केला. पहिल्या दिवशी शेगडीनं ‘टीं’ केलं तशा त्या दोन पावलं मागे सरल्या. पाचव्या दिवशी तिला म्हणाल्या, "ऐकलं, ऐकलं."

तरी भाकरी गॅसवरच. तव्यावरून उचलून जाळावर टाकल्याशिवाय ती टम्म फुगत नाही, पापडाला पोळल्याचा वास येत नाही आणि वांग्याची साल जळल्याशिवाय भरताला चव कुठली? पावसाळ्यात दिवे गेले की गॅसच उपयोगी पडतो. मी शाळेला निघताना रेग्युलेटर बंद करते आणि आईंसमोरच करते, लपून नाही. त्यांना त्याचं आता काही वाटत नाही. चहाला मात्र जाळाची चव नाही, ही तक्रार रोज दुपारी तीनच्या चहाबरोबर कायम आहे.

भरताचं वांगं रविवारी भाजतो, सगळे घरात असताना. गेल्या रविवारी आईंनी ते स्वतः भाजलं, देठाला धरून चारी अंगांनी फिरवत. मी शेजारी उभी राहून कोथिंबीर निवडत होते.