सहाशे तास

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एकाच घरात राहतो. त्यामुळे वर्गातली गोष्ट जेवणाच्या ताटापर्यंत येते. गेल्या दिवाळीत अशीच एक गोष्ट आली. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात गेलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन होता. जात्यावरच्या ओव्यांवर तिने एम.ए.ला लिहिलेला प्रबंध आजही आमच्या कपाटात आहे. “सर, मॅडम, मी इलेक्ट्रॉलॉजी शिकते आहे. चेहऱ्यावरचे नको असलेले केस कायमचे काढायचं काम. परवाना मिळाला की व्यवसाय करीन.” आम्ही तिचे अभिनंदन केले आणि फोन ठेवल्यावर एकमेकांना म्हणालो, “एवढे शिकून हे?”

या प्रश्नातला उद्दामपणा ध्यानात यायला आम्हांला काही महिने लागले.

पुढच्या फोनांतून तिच्या विद्येची ओळख होत गेली. तिचा उगम सौंदर्यप्रसाधनात नसून नेत्रवैद्यकात आहे. सेंट लुईसचे डॉ. चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये, आत वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापण्यांचे केस विजेच्या साहाय्याने समूळ काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तत्त्व आजही तेच आहे. अत्यंत बारीक सुई केसाच्याच वाटेने, त्वचा न भोसकता, केशपुटकात उतरवायची आणि प्रवाह सोडायचा. एकदिश प्रवाहाने तिथल्या क्षाराचे व पाण्याचे विघटन होऊन दाहक अल्कली तयार होते आणि केसाला जन्म देणाऱ्या पेशी नष्ट होतात. उच्च वारंवारतेच्या प्रवाहात हेच काम उष्णता करते. मग चिमट्याने उचललेला केस विनाविरोध हाती यावा लागतो. “ओढावा लागला, तर तो मेला नाही, नुसता उपटला गेला,” ती म्हणाली. शिवाय सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून तीच व्यक्ती महिनोन्‌महिने येत राहते. प्रवाह जास्त झाला तर व्रण उरतो, सावळ्या त्वचेवर काळा डाग राहतो.

म्हणूनच तिथे परवाना लागतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी किमान ६०० तासांचे प्रशिक्षण आणि नंतर परीक्षा आहे. शालेय शिक्षणाची अट बारावीपर्यंतची, वयाची सतरा वर्षांची. आठवड्याला वीस तास धरले तरी तीस आठवडे झाले. त्यांत शरीररचना, विजेचे गुणधर्म, निर्जंतुकीकरण, कायदा आणि प्रत्यक्ष माणसाच्या त्वचेवरचे काम. हा परवाना असला तरी लेसरला हात लावता येत नाही. ते काम वैद्यकीय परवानाधारकांचे. भाषेच्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट रुचावी: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या लेखी लेसरयंत्राच्या निर्मात्याला केसांची ‘कायमची घट’ एवढाच दावा करता येतो, ‘कायमचे निर्मूलन’ असा नाही. दोन शब्दांतल्या अंतरावर तिथे एक सरकारी खाते पहारा देते. आम्ही मात्र ‘अजरामर’ हे विशेषण किती पुस्तकांना किती सहज लावतो!

आणि आमचा परवाना? एम.ए. आणि नेट. त्या परीक्षेत अध्यापनक्षमतेवरचे प्रश्न होते, परंतु उत्तरे पर्यायांवर खुणा करून द्यायची होती. वर्गात एकही तास कुणाच्या देखरेखीखाली न शिकवता आम्ही प्राध्यापक झालो. पहिल्या वर्षी एका मुलाच्या कवितांची वही आम्ही भर वर्गात विनोदाने वाचून दाखवली होती. त्याने पुन्हा वही आणली नाही. प्रवाह जास्त झाला होता. परंतु आमच्या धंद्यात व्रण पाहायला कुणी येत नाही.

आता घरातली गोष्ट. आम्हां दोघांतल्या जिला विद्यार्थी ‘मॅडम’ म्हणतात, तिच्या पर्समध्ये वीस वर्षे एक छोटा चिमटा आहे. पहिल्या तासापूर्वी स्वच्छतागृहाच्या आरशात हनुवटीवरून बोट फिरवायचे, टोचले की उपटायचे. दुसऱ्याला हे ठाऊक होते, आणि त्याने ते ठाऊक नसल्याचे दाखवणे यालाच आम्ही दोघे सभ्यता समजत होतो. वर्गात स्त्रीच्या आत्मकथनातले मौन उलगडून दाखवणाऱ्या आमच्या घरात हे एक मौन सुखेनैव नांदत होते.

ते मोडले विद्यार्थिनीच्या एका वाक्याने. प्रशिक्षणात तिच्यापुढे आलेली एक प्रौढ स्त्री तासभर हनुवटीवरचा हात काढत नव्हती. “मी सुई बाजूला ठेवली आणि नुसती बसून राहिले, मॅडम. सहाशे तासांत तोही तास धरला गेला.” तिच्याकडे पुरुषदेहातून सुटू पाहणाऱ्या पारलिंगी स्त्रियाही येतात, प्रत्येक केसागणिक त्या स्वतःच्या थोड्या जवळ जातात, असे ती म्हणाली. जात्यावरच्या बायकांचे ऐकायला शिकलेली मुलगी वाया गेलेली नाही, हे आम्हांला तेव्हा कळले.

मॅडमनी त्या दिवशी प्रथमच, दुसऱ्याच्या देखत, आपल्या हनुवटीविषयी विचारले. फोनवर क्षणभर शांतता होती. मग ती आमची विद्यार्थिनी राहिली नाही. “आधी डॉक्टरांना दाखवा. हार्मोन्सचं काही कारण आहे का ते तपासू द्या. मी इथून, न पाहता काही सांगणं बरोबर नाही. ते माझं काम नाही, मॅडम.”

वीस वर्षांत समोर आलेल्या कोणत्याही विषयावर आम्ही हे वाक्य एकदाही उच्चारलेले नाही. चिमटा सध्या बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर, पेनांच्या पेल्यात असतो. पुढच्या सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दोघे जाणार आहोत.