मानमोडी

परवा दिव्याच्या अमावास्येला पडवीत समया घासत बसले होते. पाऊस जरा उघडला होता. शेजारच्या आवाराकडून वारा आला आणि वाऱ्याबरोबर तो वास. कडकडीत पाण्यात बुचकळलेल्या पिसांचा. ज्यांनी घरी कोंबडी सोलली आहे त्यांना वेगळं सांगायला नको आणि ज्यांनी सोललेली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. लहानपणापासून हा वास मला आवडत आलेला आहे, कारण त्याच्या मागोमाग भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतो आणि मग वड्यांचा. या वेळी मात्र हातातली समई तशीच खाली ठेवली, आत गेले आणि चिंचेने माखलेले हात दोनदा धुतले.

मी कोंबडी खाते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. श्रावण पाळते, एरवी रविवार सहसा चुकवत नाही.

तर हळदी, माझी कोंबडी. हे नाव नातीने ठेवलं, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, पायांच्या रंगावरून. मी ठेवणारच नव्हते. आमच्या आजीचा दंडक होता : "जेका खावचा, तेका नाव ठेवूचा नसता." तिच्या खुराड्यात पंधरा-वीस कोंबड्या असत आणि सगळ्यांचं नाव कोंबडी. तिन्हीसांजेला ती खुराड्याच्या तोंडाशी बसे, एकेकीला आत सोडे आणि सोडताना छातीच्या हाडावरून अंगठा आणि दोन बोटं फिरवी. हाड मांसात बुडालेलं असलं तर ठीक. कोयत्याच्या धारेसारखं हाताला लागलं तर ती कोंबडी बाजूला, डालग्याखाली. दुसऱ्या दिवशी औषध नाही, चर्चा नाही. एक हात पायांना, एक मानेला आणि एक हिसका.

मुंबईत पस्तीस वर्षं शाळेत शिकवून गावी परतल्यावर मीही चार कोंबड्या पाळल्या. अंडं दिलं त्या दिवशी दिनदर्शिकेच्या चौकोनात पेन्सिलीचं टिंब. हळदीचा जानेवारी टिंबांनी भरलेला आहे, फेब्रुवारीच्या नऊ तारखेपासून पुढे कोरा. खुडूक झाली असेल म्हटलं. पण खुडूक कोंबडी हात लावू देत नाही, पिसं फुलवून गुरगुरते. ही गप्प. मग मार्चमध्ये तिचे पाय पुन्हा पिवळेधमक झाले. मधल्या दिवसांत ते अगदी फिकुटले होते. शेजारच्या काकी म्हणाल्या, "रंग इलो गो, सुधारता ती." मलाही बरं वाटलं.

नंतर कळलं ते असं. मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून कोंबडीच्या अंगात पिवळा रंग जातो. अंडी चालू असली की तो बलकात उतरतो आणि चोच, पाय फिके पडत जातात. अंडी बंद झाली की त्या रंगाला जायला जागा उरत नाही, तो पुन्हा पायांत येतो. म्हणजे आम्ही जिला तब्येत समजत होतो ते बंद पडलेल्या गिरणीत पडून राहिलेलं सूत होतं. (पिवळ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. घरची कोंबडी ही लाल रानकोंबड्याची लेक, हे शाळेत मी वर्षानुवर्षं शिकवलं. २००८ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की तिच्या कातडीचा पिवळेपणा त्या घराण्यातला नाहीच, तो राखाडी रानकोंबड्याकडून आला. हा राखाडी म्हणजे आपल्या सह्याद्रीतला, आमच्या डोंगरात पहाटे ओरडतो तो. हे कळल्यावर मी हळदीकडे उगाचच माहेरच्या माणसासारखी बघायला लागले. आजाराशी याचा काही संबंध नाही.)

मार्चच्या शेवटी ती पेंग्विनसारखी उभी राहायला लागली, शेपूट जमिनीकडे, छाती वर. उचलून घेतली तर पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं डुचमळलं. आणि अंगठा आपोआप छातीच्या हाडावर गेला. धार.

रिक्षा करून तालुक्याच्या दवाखान्यात नेली. नोंदवहीत गाय, म्हैस, शेळी, कुत्रा असे रकाने. कोंबडी 'इतर'मध्ये. लिहिणारा माणूस पेन थांबवून म्हणाला, "मॅडम, एकच कोंबडी? बाकीच्या पण मरतायत का?" म्हणजे साथ असेल तर ती कोंबडी, एकटी असेल तर नुसती हौस. त्या 'इतर'चा मला राग आला. अजून आहे. डॉक्टर मात्र भली पोर होती. तिने पोट बोटांनी चाचपलं आणि समजावून सांगितलं. बलक अंडाशयातून सुटला की नळीने त्याला झेलायचं असतं. नळी चुकली की तो पोटात पडतो, तिथे सडतो, सूज येते, पाणी भरतं. रानातली कोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आपली गावठी पन्नास-साठ. ही सुधारित जातीची, तिच्याही दुपटीहून जास्त. व्यापारी फार्मवरची तीनशे. "जेवढ्या वेळा झेलायचं, तेवढ्या वेळा चुकायची शक्यता," ती म्हणाली. मग तिने सुई घालून पाणी काढलं. चहाच्या दोन कपांएवढं, पिवळसर. वहीत लिहिता लिहिता सहज विचारलं, "मानमोडीची लस दिली होती ना?"

दिली होती. डोळ्यात लासोटाचे थेंब मीच घातले होते. पण तो शब्द कानात बसला तो बसलाच.

कोंबड्यांच्या राणीखेत रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. हा रोग १९२६ साली इंग्लंडात न्यूकॅसलजवळ सापडला, लगोलग कुमाऊँमधल्या राणीखेतला, म्हणून तिकडे न्यूकॅसल आणि इकडे राणीखेत. वाचलेल्या कोंबडीची मान कधी कधी पिळवटून राहते. पण मराठीत मानमोडी हा शब्द त्याच्या आधीचा आहे. १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला, पावसाळा सरताना दुसऱ्यांदा उठला आणि गावंच्या गावं झोपवली. देशात सव्वा कोटीच्या आसपास माणसं गेली असं म्हणतात, काहींचा आकडा त्याहून मोठा आहे. १९११ ते १९२१ या एकाच दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्या तापाला लोक मानमोडी म्हणत. आमची आजी तेव्हा तीन वर्षांची होती. तिची आई आणि दोन भाऊ आठ दिवसांत गेले. तिला मामाने वाढवलं. घरात याची गोष्ट झाली नाही, फक्त ओळ राहिली : "आजीची आई मानमोडीत गेली." लहानपणी मला ते कोंबडीसारखंच वाटायचं. कुणीतरी हिसका दिला असणार.

आता ती एक आठवण, जी गेले चार महिने पिच्छा सोडत नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात वाडीत साथ आली आणि चार दिवसांत आजीचं खुराडं रिकामं झालं. एक कोंबडी तेवढी वाचली, पण तिची मान पाठीकडे वळून राहिली. डोळा आकाशाकडे. दाणा टिपायला जायची आणि चोच वीतभर लांब आपटायची. अशी कोंबडी आजीच्या राज्यात अर्धा दिवस टिकणार नाही असं आम्हा पोरांना वाटलं. आम्ही वाट बघत राहिलो, कारण मग रस्सा होणार होता. ती चार वर्षं जगली. आजी दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर मागल्या दारी पाय पसरून बसायची, तिला मांडीत घ्यायची, डाव्या हाताने तिचं डोकं सरळ धरायची आणि उजव्या तळव्यावरची शितं तिच्या चोचीखाली न्यायची. एकेक शीत. कधी कधी अर्धा तास. सुना हसायच्या. मी एकदा विचारलं, हिची मान का नाही मोडलीस? आजी म्हणाली, "ती मोडलेलीच आसा. मिया आणखी काय मोडतलंय?"

आम्ही सगळे हसलो होतो. विनोदच वाटला होता.

हळदीला मी अकरा दिवस ठेवली. सकाळी कोमट पाण्यात बसवायची, फडक्यात गुंडाळून ऊन दाखवायचं, अंड्याचा पिवळा बलक आणि भात कालवून चमच्याने भरवायचं. कोंबडीला अंडं भरवताना हात क्षणभर अडतो, पण तिचा अडत नाही. प्रतिजैविकाचे थेंब दोन वेळा. पाचव्या दिवशी पोट पुन्हा भरलं, पुन्हा रिक्षा, पुन्हा सुई. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, कोंबडी साडेतीनशेची, रिक्षाच आठशेची झाली." हिशेब बरोबर होता, म्हणून मी रागावले. कोंबडी सात-आठ वर्षं सहज जगते, हे मी त्याला दोनदा ऐकवलं.

डॉक्टरने दुसऱ्या खेपेला स्पष्टच सांगितलं होतं. पाणी भरत राहणार. इंजेक्शन देता येईल, पण एवढ्याशा जिवाची शीर शोधताना तिचेच हाल. मान मोडणं हेच सगळ्यात चटकन, सवयीच्या हाताने केलं तर. "दाणा टाकल्यावर उठून आली नाही, की थांबू नका." मी थांबले. सहाव्या दिवशी ती दाण्याकडे आली नव्हती. सातव्या दिवशी मी दाणा तिच्या पायाशी टाकला आणि ती आली असं मानलं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला, तेव्हा मुंबईत टीव्हीवर पाहिलं होतं. पांढऱ्या पोशाखातली माणसं कोंबड्या पोत्यांत भरत होती, खड्डे भरत होते. लाखो. तो निर्णय कुणीतरी एका दुपारी घेतला असेल. मला एकीचा घेता येईना. पहिले सहा दिवस तिच्यासाठी होते, पुढचे पाच माझ्यासाठी, हे आज लिहिता येतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी तिने जमिनीवर एकदा चोच टेकवली, तिथे काहीच नव्हतं. मी काकींना हाक मारली. त्या पदर खोचूनच आल्या, जणू आठवडाभर वाट बघत होत्या. माडाखाली मी पाय धरले. ते गार होते आणि अजून पिवळेच. काकींनी मान धरली, माझ्याकडे न बघता. बोट मोडल्यासारखा आवाज. मग पंख मिनिटभर फडफडत राहिले. ते तसं होतं, त्यात ती नसते, असं डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. तरी मी पाय सोडले नाहीत. "झालां गो बाय," काकी म्हणाल्या. औषधं घातलेली, म्हणून खाता येत नव्हती. त्यांनीच खड्डा केला, खोल, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चिरा ठेवला. जाताना हात धुतले आणि चहा नको म्हणाल्या.

या सगळ्यात एक भलतीच गोष्ट लक्षात आली. आजीचं माहेरचं नाव मला माहीत नाही. सात-बारावर आहे ते सासरचं, लग्नात तांदळात लिहून बदललेलं. वडिलांना माहीत नव्हतं, आत्यांनाही नाही. मामा तिला पोरी म्हणत असे, एवढं आत्याला ऐकून ठाऊक. ज्या बाईने ते नाव ठेवलं, ती तापात गेली. कोंबड्यांना नाव ठेवायचं नाही म्हणणारी आजी स्वतः दुसऱ्याच नावाने पंच्याहत्तर वर्षं वावरली, आणि आम्ही तर तिला आजीच म्हणायचो.

अमावास्येच्या रात्री दिवे लावून झाल्यावर पुण्याहून फोन आला. नातीला दिवे दाखवले, मग ती खुराडं बघायला मागू लागली. तिघीच दिसल्या तशी तिने विचारलं, हळदी कुठे? चार महिने मी कॅमेरा तिकडे नेतच नव्हते. मी सांगितलं, ती म्हातारी होऊन गेली, बाळा.

हळदी अडीच वर्षांची होती.