गाईंच्या मैदानातले पाणी

वाचकहो, चला, आज दूरच्या न्यूझीलंडला जाऊ. तिथल्या दक्षिण बेटावर कँटरबरीचे मैदान आहे. पश्चिमेला बर्फाचे डोंगर, पूर्वेला समुद्र आणि मध्ये नजर पोचेल तिथवर हिरवे कुरण. गोठा नाही, दावण नाही. शेकडो गाई बारा महिने उघड्यावर चरतात. पाहून तुम्ही म्हणाल, गोकुळ ते हेच!

पण हे हिरवेपण मुळातले नव्हे. इथली जमीन हलकी, खाली नदीचे गोटे. पूर्वी इथे मेंढ्या चरत, गहू पिके. १९९० नंतर लोक दुधाकडे वळले. चाकांवर फिरणारी लांबलचक तुषार यंत्रे आली. त्यांच्या वाटेत येणारी, वारा अडवणारी झाडे तोडली गेली. कुरणात युरिया पडू लागला. तीस वर्षांत दुभती जनावरे सुमारे दहापट झाली.

आता नत्राचा हिशोब पाहा. चाऱ्यातले बरेचसे नत्र गाय मुतावाटे टाकते. हातभर जागेत एकदम इतके नत्र पडते, की तिथल्या गवताला ते पचत नाही. उरलेले नायट्रेट बनून हिवाळी पावसाबरोबर गोट्यांमधून खाली झिरपते.

आणि त्याच मैदानातली शेतकरी कुटुंबे बोअरचे पाणी पितात! लिटरमागे नायट्रेट ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त झाले, तर ते पाणी पिण्याजोगे नाही. ते वापरून बाटलीचे दूध कालवले, तर तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहत नाही; अंग निळे पडते. तिथल्या काही बोअरनी ही मर्यादा ओलांडली आहे. उकळूनही नायट्रेट जात नाही.

तिथल्या सरकारने २०२१ पासून कुरणाला हेक्टरी वर्षाला १९० किलोपेक्षा जास्त रासायनिक नत्र घालण्यास बंदी केली. शेतकरी ओढ्यांना कुंपण घालतात. पण आधी झिरपलेले परत कसे काढणार?

आपल्याकडे दावणीचे शेणमूत गोळा होते, शेतभर पसरता येते, ही मोठी सोय. मात्र उकिरडा विहिरीला लागून असेल, तर तो आजच हलवा आणि पाणी तपासून घ्या. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चवही नाही.